आवाज गेला, तर फोन करा

माझ्या मोबाइलमध्ये किशनकाकांचा नंबर अजूनही 'उचलू नको' या नावाने आहे. ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये त्यांचे लागोपाठ फोन आले, त्या दुपारी रागाच्या भरात मी ते नाव टाकलं. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मी उचलला नाही तर काका माझ्या नवऱ्याला फोन करत. त्यानेही उचलला नाही तर आमच्या सोसायटीच्या वॉचमनला. मग वॉचमन लिफ्टने वर येऊन सांगायचा, "मॅडम, कोठीवाले सार लाइनवर आहेत, तुमची तब्येत विचारायलेत." त्या वॉचमनचा नंबर त्यांना कुठून मिळाला हे मला आजतागायत कळलेलं नाही. आता त्या नंबरवरून फोन येत नाही, तरी नाव बदलायला हात धजत नाही.

किशनराव नळगीरकर हे त्यांचं पूर्ण नाव. कोठी या जुन्या बाजारपेठेत त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. ते बंद होऊन कैक वर्षं झाली आणि काका राहतात चिक्कडपल्लीत, मराठी मंडळाच्या सभागृहाच्या मागच्या गल्लीत. तरीही फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हॅलो, किशन बोलतोय, कोठीहून." फोन कानाला लावायची पद्धत त्यांना मान्य नव्हती. तो स्पीकरवर टाकून तोंडासमोर आडवा धरायचा आणि ओरडायचं. पलीकडचं बोलणं संपलं की विचारायचं, "काय?" मग आपण तेच पुन्हा सांगायचं. मला वाटायचं, हा दुकानदारीचा खाक्या असेल. गिऱ्हाइकाकडून प्रत्येक गोष्ट दोनदा वदवून घेतली की पत्रिकेत चूक होत नाही.

मंडळाचं महिन्याचं व्याख्यान काकांनी तरुणपणी सुरू केलेलं. दर महिन्याच्या एका रविवारी संध्याकाळी कुणीतरी विद्वान बोलणार, मग चहा आणि मिरचीभजी. साथीमुळे सभागृहाला कुलूप लागलं त्या काळात व्याख्यान ऑनलाइन गेलं, आणि मला त्यात ओढलं गेलं. मी पुण्याहून इथे, या तेलुगू मुलखात, नोकरीसाठी आलेली, आणि ऑनलाइन कार्यक्रम भरवणं, त्यांचा गाजावाजा करणं आणि ते कितपत यशस्वी झाले हे ग्राहकाला दाखवणं हेच माझं पोटापाण्याचं काम. मंडळाचे अध्यक्ष धर्माधिकारीसाहेब म्हणाले, "तुमच्यासाठी तर हा डाव्या हातचा मळ आहे." हे वाक्य ऐकलं की समजावं, काम फुकट आहे आणि गळ्यात पडलेलं आहे.

मी माझ्या परीने सगळं नीट केलं. सुरेख पोस्टर बनवलं. तरुण मंडळींना देवनागरी वाचायचा कंटाळा, म्हणून तेच रोमन लिपीतही बनवलं. नोंदणीची लिंक, आदल्या दिवशीची आठवण, कार्यक्रमाच्या तासभर आधीची आठवण, सगळं. आणि संध्याकाळी कोठीहून फोन.

"बेटा, कुणाकुणाला बोलावलीस?"

"काका, सगळ्या ग्रुपवर टाकलंय ना."

"काय?"

"ग्रुपवर टाकलंय."

"ते तर खाली चिकटवलीस. भिंतीवर चिकटवतेत तसं. मी विचारायलोय, बोलावलीस कुणाला?"

त्यांच्या बोलीत 'खाली' म्हणजे नुसतं. मी नोंदणीचे आकडे सांगितले. ते काकांना पटले नाहीत. पत्रिका छापून झाली म्हणजे आमंत्रण झालं असं समजणारं गिऱ्हाईक त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं. आपल्या लोकांत अजून माणूस दारात जाऊन, अक्षता हातावर ठेवून "यायचं बरं का, सहकुटुंब" म्हणत नाही तोवर कुणी हलत नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास. दारात जाणं शक्य नव्हतं, म्हणून ते फोन करत. मंडळाच्या सभासदांची नावं त्यांना पाठ होती आणि प्रत्येकाच्या घरातलं दुखणंही. व्याख्यानाचं आमंत्रण मोतीबिंदूपासून सुरू व्हायचं आणि मुलीच्या बदलीपर्यंत जायचं. वक्त्याचं नाव राहून जायचं ते वेगळंच.

त्यांचे हट्ट तर विचारू नका. पडद्यावर कॅमेरा बंद ठेवला तरी काका इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, कानात अत्तराचा फाया ठेवून बसत. "कार्यक्रमाला बनियनवर बसायचं?" असं त्यांनी मला खडसावून विचारलं होतं, जणू मीच बनियनवर बसले होते. वक्त्याचा सत्कार झालाच पाहिजे हा दुसरा हट्ट. शाल आणि नारळ आधीच कुरिअरने पाठवायचे. कार्यक्रमात धर्माधिकारीसाहेबांनी चिक्कडपल्लीत दुसरी शाल डावीकडे पुढे करायची आणि नांदेडच्या वक्त्याने आपल्याकडची शाल उजवीकडून घेतल्यासारखी करायची. याची काकांनी दोनदा तालीम घेतली. प्रत्यक्षात दोघांच्या चौकटी पडद्यावर एकाखाली एक आल्या. दोघे आपापली शाल हातात घेऊन भलत्याच दिशेला बराच वेळ नम्रपणे वाकून राहिले. मला हसूही येत होतं आणि लॅपटॉप बंद करून निघून जावंसंही वाटत होतं.

सभागृहाचं कुलूप निघालं आणि खरी कटकट सुरू झाली. कार्यकारिणीतले बरेचजण चिक्कडपल्लीच्या आसपासचे. त्यांचं म्हणणं, आता भजी मिळतात, आता पडदा कशाला? दोन्ही करायला माणसं नाहीत. काकांचं घर सभागृहापासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे खरं तर त्यांनाही पडद्याची गरज नव्हती. पण ते उषाताईंवर अडून बसले. उषाताई शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला मुलाकडे असतात. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही. सून तेलुगू, गुणी आहे, पण तिला मराठी येत नाही. नातवंडं इंग्रजीत बोलतात. मुलगा उशिरा येतो आणि आल्यावर कुणाशी कुठल्याच भाषेत बोलत नाही. काका म्हणत, "महिन्यात एक तास ती बाई मराठीत बसते. तो पण काढून घ्यायचा? कायकू?"

धर्माधिकारीसाहेब बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी तोडगा काढला: उपस्थिती चांगली राहिली तर ऑनलाइन चालू ठेवू, नाहीतर बंद. पुढच्या बैठकीत आकडे दाखवा. आकडे दाखवणार अर्थातच मी.

त्यानंतरच्या व्याख्यानाला उपस्थिती एकदम वर गेली आणि तिथून खाली येईना. मी चक्रावले. माझं पोस्टर तेच, लिंक तीच. इतके लोक आमच्या ऑफिसच्या मोठमोठ्या कार्यक्रमांनाही शेवटपर्यंत टिकत नाहीत. धर्माधिकारीसाहेब खूश झाले, मीही झाले. मग एकदा काका माझ्यासमोरच कुणाशी तरी फोनवर बोलत होते, तेव्हा कारण कळलं.

"अहो, ऐकू नका. ऐका म्हणून कोण बोलायलंय? खाली लावून ठेवा. लावा आणि जेवा, फिरा, झोपा. आपलं नाव दिसलं म्हंजे झालं."

आपल्याकडे लग्नाला कसे जातात? अक्षता पडायच्या वेळेला पोचायचं, यजमानाला तोंड दाखवायचं, पंगतीला बसायचं आणि निघायचं. मंगलाष्टकं कुणी ऐकतं का? काकांनी तीच रीत पडद्यावर आणली होती, आणि लोकांना ती लगेच समजली, कारण ती त्यांची स्वतःचीच होती. घरोघरी मोबाइल चार्जिंगला लावून, देवघरापाशी नाहीतर फ्रिजवर, व्याख्यान 'लावून' ठेवलं जाऊ लागलं. मी काकांना म्हटलं, ही फसवणूक आहे. ते म्हणाले, "लाईट घे बेटा, मनाला लावू नको. उषाताईचा तास वाचायलाय ना?" ते खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आणि मग वैजयंतीताईंचं व्याख्यान झालं.

वैजयंतीताई अंबाजोगाईच्या निवृत्त प्राध्यापक. मराठवाड्यातल्या बारवा, त्या पायऱ्यापायऱ्यांच्या जुन्या विहिरी, गावोगाव फिरून त्यांनी पाहिलेल्या. त्या दिवशी मी पुण्याला भाचीच्या लग्नात होते, म्हणून कार्यक्रमाची सूत्रं काकांकडे होती. मी परत आल्यावर त्याचं चित्रण पाहिलं. सुरुवातीचं स्वागत, सत्कार, सगळं व्यवस्थित. ताई बोलायला लागल्या आणि थोड्याच वेळात टेबलावरचे कागद सरळ करताना त्यांचा हात कशावर तरी पडला आणि आवाज बंद झाला. त्यांना ते कळलं नाही. त्या बोलतच राहिल्या. हातांनी पायऱ्या दाखवत होत्या, मध्येच हसत होत्या, एकदा डोळ्याला पदर लावला. आवाज नाही.

कुणी काही म्हणालं नाही. उलट खाली लोकांचे शेरे येत राहिले. 'खूप छान.' 'अप्रतिम विवेचन.' 'ताई, डोळ्यांत पाणी आलं.' आभार मानायला धर्माधिकारीसाहेब आले आणि म्हणाले की ताईंनी आपल्याला मंत्रमुग्ध केलं. मी ते चित्रण पुढे पाहू शकले नाही. माझा इतका संताप झाला की कुणाला फोन करून ओरडावं हे कळेना.

एकट्या उषाताईंनी काकांना पुन्हा पुन्हा फोन लावला होता. पण काका त्याच मोबाइलवर व्याख्यान बघत होते आणि मध्ये येणारा प्रत्येक फोन कापत होते. "तुम्हाला कळलं नाही आवाज गेलाय ते?" मी विचारलं. ते म्हणाले, "मला वाटलं माझाच मोबाइल खराब झाला. मी मोठा करत होतो, मोठा करत होतो." मी त्यावर विश्वास ठेवला, कारण तो मोबाइल खरंच जुनाट होता.

काकांनी वैजयंतीताईंची फोनवर माफी मागितली तेव्हा मी शेजारी होते. फोन नेहमीसारखा स्पीकरवर. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, मला वाटलं, किती शांतपणे ऐकतायत सगळे. बरं वाटलं होतं." काकांनी त्या दिवशी "काय?" विचारलं नाही. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "गेलेल्या माणसाच्या घरी पण लोकं एवढं खोटं बोलत न्हाईत."

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं, त्याने माझ्या डोक्याला खरा ताप झाला. पुढचं व्याख्यान लातूरच्या एका डॉक्टरांचं होतं, गुडघ्यांवर. ते रंगात आलेले असताना त्यांचा आवाज गेला. मी धावपळ करून तो सुरू केला. पुन्हा गेला. पाहते तर काका स्वतः बंद करत होते. मी फोन केला तर म्हणाले, "थांब बेटा. कुणाकुणाचा फोन येतो बघायलोय."

आता सूत्रं माझ्याकडे, पण मागच्या वेळी दिलेला ताबा काकांकडेही राहिलेला. मोबाइल फोनसाठी मोकळा राहावा म्हणून त्यांनी नातवाचा लॅपटॉप मागून आणला होता. आमंत्रणाच्या फोनमध्येही आता ते एकच सांगत: "आवाज गेला, तर फोन करा." आणि व्याख्यानात मध्येच कधीतरी आवाज घालवून ते वाट पाहत. ज्याचा फोन येईल, तो आला. बाकीचे आले नाहीत, नाव पडद्यावर दिसो नाहीतर न दिसो.

"काका, हा वक्त्याचा अपमान आहे," मी म्हटलं.

"काय?"

"अपमान आहे, अपमान."

"अपमान तवा झाला, जवा आवाज नव्हता अन् वाहवा होती. आता तर मी माणसं शोधायलोय."

आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी सांगितलं की जगात कुठेही कार्यक्रमाचं यश असं मोजत नाहीत. ऐकणाऱ्याला नंतर प्रश्न विचारता येतात, मत मागवता येतं, कोण किती वेळ थांबलं ते दिसतं. काका म्हणाले, "मत विचारलं तर आपली लोकं छानच म्हणणार. पंगतीत वरण खारट असलं तरी कोण बोलतंय?" मी फोन आपटला. मोबाइल आपटता येत नाही म्हणून नुसता उशीवर टाकला, एवढंच.

फोन करणारे निघाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उषाताई, कोठीतले एक जुने पुस्तकविक्रेते, एक निवृत्त नर्स, आणखी दोघं-तिघं. काका या मंडळींवर इतके खूश की विचारू नका. एकेकाला व्याख्यानानंतर फोन करून ते विषयावर वाद घालत. मला मात्र बैठक दिसत होती.

बैठकीत मी आकड्यांचा चढता आलेख दाखवला. तो खोटा नव्हता. इतके मोबाइल खरोखरच लावलेले होते. धर्माधिकारीसाहेबांनी मान डोलावली. "उत्तम. मग चालू ठेवायला हरकत दिसत नाही," ते म्हणाले. झालं होतं. उषाताईंचा तास वाचला होता. फक्त गप्प बसायचं होतं.

काका उठले. पांढरा सदरा, अत्तराचा वास. म्हणाले, "साहेब, ते आकडे नक्को. ते मी बोलावलेले मोबाइल आहेत, माणसं न्हाईत." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं: लावून ठेवा, वैजयंतीताई, घालवलेला आवाज, आलेले फोन. ऐकणाऱ्यांची नावं त्यांनी अभिमानाने एकेक करून घेतली, घरच्या माणसांची ओळख करून द्यावी तशी. धर्माधिकारीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "एवढेच?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "हौ. एवढे हायेत." त्यांना वाटत होतं, हे ऐकून सभा भारावून जाईल.

सभेने ऑनलाइन व्याख्यान बंद करायचा ठराव केला. निरोपाचं म्हणून एक तेवढं करा, असं सौजन्याने सांगितलं.

जिन्यात मी काकांना गाठलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला कुणी विचारलं होतं? खरं बोलून तुम्ही कुणाचं भलं केलंत? उषाताईंना आता काय सांगणार? काका कठड्याला धरून ऐकत होते. मी दमून थांबले तेव्हा म्हणाले, "काय?" मी हात जोडले आणि निघून आले. मला अजूनही वाटतं की त्या दिवशी ते चुकले. अजूनही त्या ठरावाची आठवण आली की चिडचिड होते, त्यांच्यावर, त्या सभेवर आणि फ्रिजवर मोबाइल ठेवणाऱ्या सगळ्यांवर.

शेवटच्या व्याख्यानाला काकांनी वैजयंतीताईंनाच बोलावलं, विषयही तोच, बारवा. या वेळी त्यांनी 'लावून ठेवा' म्हणून कुणालाही सांगितलं नाही. तरी निरोपाचा कार्यक्रम म्हणून बरीच नावं आली. काकांनी पहिल्यांदाच कॅमेरा सुरू ठेवला होता. सदरा, कानात फाया, मागे भिंतीवर त्यांच्या दुकानातलं जुनं कॅलेंडर. मी ताकीद दिली होती की आज आवाज घालवायचा नाही. त्यांनी कान पकडून कबूल केलं होतं.

ताई सुरेख बोलत होत्या. एका बारवेत पोहायला शिकल्याची गोष्ट सांगत होत्या आणि उषाताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. 'उचलू नको.'

"बेटा, आवाज गेला."

मी पडद्यावर पाहिलं. ताई बोलत होत्या, मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. "आहे की, काका. आवाज आहे."

"काय?"

"आवाज आहे. सगळ्यांना येतोय."

"बेटा, तू पण बोल ना काहीतरी. फोनचा पण गेलाय का?"

मी ओरडले. पडद्यावरच्या चौकटीत मला काका दिसत होते. फोन तोंडासमोर आडवा धरलेला, नजर त्या फोनवर. त्यांनी तो कानाला लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना फोन कानाला लावताना प्रथमच पाहत होते. तो आधी या कानाला लावला, मग त्या कानाला, आणि मग त्यांनी तो हळूच टेबलावर पालथा ठेवला.

मी फोन ठेवला. काय करणार होते? ताईंना थांबवणार होते? काका लॅपटॉपला अगदी चिकटून बसले. सगळे हसले की ते आजूबाजूच्या चौकटी बघत आणि मग हसत, जरा उशिराने. पुढे त्यांना मुलाने कानाचं यंत्र आणून दिलं, पण त्यात अख्खी कोठी एकदम बोलायला लागते म्हणून ते काढून ठेवतात, असं उषाताईंकडून कळलं.

व्याख्यान संपलं. खाली शेरे यायला लागले. 'अप्रतिम.' 'मंत्रमुग्ध.' धर्माधिकारीसाहेबांनी आभाराचा कागद हातात घेतला. तेवढ्यात काका बोलले, नेहमीसारखंच, सगळ्यांना दचकवत.

"ताई, खोटं कायकू बोलू? मला काही ऐकू आलं न्हाई. मागच्या बारीला बी न्हाई आलं. आज सगळ्यांना आलेलं दिसायलंय. मला एकदा पुन्हा सांगाल का?"

काही नावं पडद्यावरून गुपचूप निघून गेली. धर्माधिकारीसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. उषाताई म्हणाल्या, "सांगा ताई. मी बसलेय."

वैजयंतीताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि चेहरा कॅमेऱ्याच्या इतका जवळ आणला की त्यांचं कपाळ चौकटीबाहेर गेलं. एकेक शब्द तोडत, ओठ मोठे करत, त्यांनी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. काकांनी उजवा हात कानामागे धरला. दुसऱ्या हातावर त्यांनी लॅपटॉप उचलून तोंडासमोर आडवा धरला होता, त्यामुळे आम्हाला ते तिरपे दिसत होते, आणि ते तसेच शेवटपर्यंत बसून राहिले.